घरासाठी जनरेटर किती केव्हीएचा? आकडा मोटर ठरवते

जनरेटरच्या ताकदीचं माप म्हणजे केव्हीए. जनरेटरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा दाखवू?" आणि बहुतेक गिऱ्हाईक सांगतं, "टू बीएचके आहे, त्याला लागेल तेवढा." खोल्या मोजून जनरेटर ठरत नाही. पंखे-दिव्यांची बेरीज करूनही फारसं हाती लागत नाही, कारण ती साध्या घरात पाच-सहाशे वॅटच्या पुढे क्वचितच जाते. आकडा ठरवते ती मोटर: बोअरची, हौदावरची, फ्रिजमधली, एसीमधली. आणि ती चालताना किती घेते यापेक्षा सुरू होताना पहिल्या अर्ध्या-एक सेकंदात किती ओढते, हे महत्त्वाचं. हा एक मुद्दा नीट हाताळला तर बऱ्याच घरांत पाचऐवजी तीन केव्हीएचा सेट पुरतो. त्यामुळे खरेदी स्वस्त पडतेच, पुढे दर तासाला जळणारं पेट्रोलही वाचतं.

आधी पाहा, जनरेटर लागतोच का

सोलापुरात दोन तऱ्हांनी लाईट जाते. एक, अर्धा-एक तासाची. तिला इन्व्हर्टर पुरेसा आहे. दुसरी, एप्रिल-मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं, फांदी तारेवर पडली किंवा डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) जळाला की येणारी. तिला किती तास लागतील हे लाईनमनही सांगू शकत नाही. जनरेटरचा विचार या दुसरीसाठी करायचा.

इन्व्हर्टरचा हिशोब असा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टरही खातो. हाती उरतात साधारण ११०० ते १२०० वॅट-अवर. तीन पंखे, पाच-सहा दिवे आणि राउटर मिळून ३०० वॅट धरले तर नवी बॅटरी साडेतीन-चार तास देते. बॅटरी तीन वर्षांची झालेली आणि गच्चीखालच्या तापलेल्या माळ्यावर ठेवलेली असेल तर दोन तासही कठीण. तुमच्याकडे तीन तासांच्या आतच लाईट येत असेल तर जनरेटरचे पैसे चांगल्या बॅटरीवर आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्यांवर घाला. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी ३० ते ३५, म्हणजे त्याच बॅटरीवर पंखे दुप्पट वेळ फिरतात.

जनरेटर खरोखर लागतो तो पाण्यासाठी, एसीसाठी, पाच-सहा तासांच्या खंडासाठी, नाहीतर घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं यंत्र असेल तर. अशा यंत्राला आधी यूपीएस आणि त्याच्यामागे जनरेटर अशी रचना ठेवा. जनरेटर सुरू करून खटका फिरवेपर्यंतची दोन-तीन मिनिटं यूपीएसनेच काढायची असतात.

सगळ्यात शहाणी जोडी म्हणजे इन्व्हर्टर अधिक छोटा जनरेटर. पंखे-दिवे इन्व्हर्टरवरच राहतात. जनरेटर दोन-अडीच तास चालवून पाणी चढवायचं, फ्रिज गार करायचा, बॅटरी भरून घ्यायची आणि बंद करायचा. रात्रभर जनरेटर चालवणं खिशाला परवडत नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच.

पायरी पहिली: यादी, आणि तीही दोन रकान्यांत

एका रकान्यात जनरेटरवर चालायलाच हवं असं, दुसऱ्यात लाईट येईपर्यंत थांबू शकेल असं. गिझर (२००० वॅट), इंडक्शन शेगडी (१८०० ते २०००), इस्त्री (१०००) आणि पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन हे सरळ दुसऱ्या रकान्यात. यातलं एकही पहिल्यात गेलं तर सेटचा आकार निष्कारण वाढतो. गॅस आहेच.

पहिल्या रकान्यासाठी धरायचे आकडे:

साधा पंखा ७५ वॅट
एलईडी दिवा ९ वॅट
४३ इंची टीव्ही ८० ते १००, राउटर १२
पाण्याचा फिल्टर ५०
कूलर १५० ते २००
फ्रिज चालताना १५० च्या आसपास. जुना असेल तर सुरू होताना क्षणभर हजारच्या घरात
मिक्सर ५०० ते ७५०
इन्व्हर्टर बॅटरी भरताना ३०० ते ४००
दीड टनी इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात १५०० ते १७००

इन्व्हर्टरचं चार्जिंग लोक हमखास विसरतात. लाईट जाऊन बॅटरी रिकामी झाली की जनरेटर लागतो, म्हणजे नेमक्या त्याच वेळी हे चारशे वॅट डोक्यावर बसतात.

अंदाज पडताळायचा असेल तर महावितरणच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा उपयोगी पडतो. त्याच्याजवळ एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, समजा ३२००. नेहमीची उपकरणं चालू ठेवून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ६४ वेळा लुकलुकला तर ६४ गुणिले ६०, भागिले ३२००, म्हणजे १.२ किलोवॅट. मग एकेक वस्तू चालू-बंद करून प्रत्येकीचा हिस्सा काढता येतो. हे काम रात्री करा, दिवा स्पष्ट दिसतो.

पायरी दुसरी: मोटर

थांबलेली मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार ते सहा पट करंट ओढते. महावितरणच्या लाईनमागे मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला याचं काही वाटत नाही. छोट्या जनरेटरचं तसं नसतं. व्होल्टेज कोसळतं, इंजिन दबतं, मोटर फिरण्याऐवजी नुसती गुणगुणते. अशी दहा-पंधरा सेकंदं गेली तर एकतर ओव्हरलोड ट्रिप होतो, नाहीतर वाइंडिंग तापतं.

सिंगल फेज, कॅपॅसिटर असलेल्या सबमर्सिबल पंपासाठी निदान एवढा जनरेटर धरतात:

अर्धा एचपीला २.५ केव्हीए
पाऊण एचपीला ३.७५
एक एचपीला ५
दीड एचपीला ६.२५
दोन एचपीला ९.५, म्हणजे बाजारात १०

हे आकडे मोटर सुरू होताना बाकी घर जवळजवळ बंद आहे असं धरून आहेत. तेवढ्या वेळात व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाने खाली गेलं तरी मोटर उचलते, पण त्याच क्षणी टीव्ही आणि फ्रिज जोडलेले असतील तर त्यांना ते मानवत नाही. बोअर खोल असेल तर केबलही तेवढीच लांब. तिच्यातली व्होल्टेजची घट वेगळी धरायची, एक पायरी वरचा सेट घ्यायचा.

तुमच्या मोटरचा खरा स्वभाव पॅनलवरच्या अँपिअरमीटरवर दिसतो. महावितरणच्या लाईटवर बटण दाबा. काटा सरळ शेवटच्या टोकाला आपटतो आणि अर्ध्या-एक सेकंदात परत येऊन एक एचपीला साधारण सात-आठ अँपिअरवर स्थिरावतो. काटा रेंगाळत परत येत असेल तर आधी स्टार्टिंग कॅपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा पॅनलमधला भाग) तपासा. फुगलेला किंवा उतरलेला कॅपॅसिटर बदलायला थोडेच पैसे लागतात. त्याच्यापायी मोठा जनरेटर घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दहा अँपिअरच्या वर स्थिरावत असेल तर पंपात गाळ अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. अशी मोटर जनरेटरवर कधीच नीट चालणार नाही.

आता इथे थांबून एक गोष्ट विचारात घ्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद आहे आणि बऱ्याच ठिकाणी शिवाय बोअरही. लाईट गेल्यावर बोअरची मोटर चालवायची काही गरज आहे का? बहुतेकदा गरज असते ती हौदातलं पाणी वरच्या टाकीत चढवण्याची. ते काम अर्धा एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) दुमजली घरात अर्ध्या-पाऊण तासात हजार लिटरपर्यंत करते. म्हणजे बोअर महावितरणवर ठेवा, हौदाची मोटर जनरेटरवर घ्या. पाच केव्हीएचा सेट तीनवर येतो.

त्याहून सोपा उपाय मोठ्या टाकीचा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यातलं नेहमीचं माप. पाच माणसांना ६७५ लिटर. वर ५०० लिटरची टाकी असेल तर तिच्याशेजारी आणखी हजाराची बसवली की दोन दिवस मोटरची आठवणही येत नाही. स्लॅबला वजन पेलतंय का तेवढं बघून घ्या, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. जनरेटर विकणारा हा सल्ला देणार नाही, साहजिक आहे.

एसी इन्व्हर्टर जातीचा असेल तर तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा झटका जवळजवळ नसतो. जुना साधा दीड टनी एसी मात्र सुरू होताना ३० ते ४० अँपिअर मागतो. त्याच्या कॉम्प्रेसरच्या पट्टीवर 'एलआरए' म्हणून आकडा असतो, तोच हा. तो एसी जनरेटरवर चालवायचा हट्ट असेल तर साडेसात केव्हीएपासून पुढे बोला. एसी बदलणं कदाचित स्वस्त पडेल.

पायरी तिसरी: केव्हीए, किलोवॅट आणि सोलापूरचं ऊन

पट्टीवर दोन आकडे असतात, मॅक्स आणि रेटेड. मॅक्स हा काही मिनिटांपुरता. हिशोब नेहमी रेटेडवर. छोट्या पेट्रोल सेटमध्ये २.५ केव्हीए म्हणजे बहुधा २.५ किलोवॅटच, डिझेल सेटमध्ये पॉवर फॅक्टर (केव्हीएचा किती हिस्सा किलोवॅट म्हणून मिळतो ते प्रमाण) ०.८ धरलेला असतो, तिथे ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट. दोन कोटेशनांची तुलना करताना किलोवॅटच लिहून मागा, नाहीतर सफरचंदाची तुलना सीताफळाशी होते.

कंपनी हे आकडे समुद्रसपाटीच्या उंचीवर आणि बेताच्या तापमानात देते. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ पर्यंत जातो. विरळ आणि तापलेल्या हवेत इंजिनची ताकद आठ-दहा टक्क्यांनी उतरते. २.५ किलोवॅटचा सेट इथे सव्वादोनचा समजा. आणि नेहमीचा लोड त्याच्या ५० ते ७५ टक्क्यांत ठेवा.

"मग मोठाच घेऊन टाकू" असं वाटेल, पण मोठ्या सेटचाही त्रास असतो. डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चाललं तर सिलेंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं चिकट ओघळायला लागतं, नोझल चोंदतो. दहा केव्हीएच्या सेटवर चार पंखे आणि एक फ्रिज चालवणाऱ्या घरांत हे वर्ष-दोन वर्षांत दिसतंच.

एक पूर्ण हिशोब

जुळे सोलापूरच्या बाजूचं दुमजली घर धरू. पाच पंखे ३७५, दहा दिवे ९०, टीव्ही-राउटर १००, फ्रिज १५०, कूलर १८०, फिल्टर ५०, बॅटरीचं चार्जिंग ३५०. बेरीज १२९५, म्हणजे १३०० वॅट. फ्रिज सुरू होताना त्यात क्षणभर आठ-नऊशेची भर, म्हणजे २२०० च्या घरात.

हौदाची अर्धा एचपीची मोटर चालवायची असेल तर तेवढ्या वेळात कूलर आणि चार्जिंग बंद. तीन केव्हीएच्या वर्गातला, रेटेड २.५ किलोवॅटचा पेट्रोल सेट हे सगळं निभावतो आणि इतर वेळी साठ टक्क्यांच्या आसपास लोडवर, म्हणजे अगदी योग्य ठिकाणी चालतो.

त्याच घरात एक दीड टनी इन्व्हर्टर एसी वाढवला तर बेरीज २९०० ते ३०००. इथे चार किलोवॅटचा सेट, ऊन-उंची वजा जाता ३.६. जमतं. एक एचपीची बोअर मोटरही याच सेटवर उचलेल, पण एसी बंद ठेवून आणि मोटर सगळ्यात आधी सुरू करून. दोन्ही एकदम पाहिजेत म्हटलं की साडेसात केव्हीए.

शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरातच कापडाचे यंत्रमाग आहेत त्यांनी मागांची मोटर या हिशोबात मिसळू नये. ती थ्री फेजची असते, तिचा सेट वेगळा आणि हिशोबही वेगळा.

पेट्रोल की डिझेल

वर्षाकाठी पन्नास-शंभर तास आणि तीन किलोवॅटच्या आत असेल तर पेट्रोल. हलका, आवाज कमी, दुरुस्ती सोपी. १३०० वॅटच्या लोडला ताशी ०.८ ते १ लिटर जातं. लिटरला १०५ रुपये धरले तर तासाला ८५ ते १०५ रुपये. त्यात विजेचं जेमतेम सव्वा युनिट मिळतं, हे ध्यानात असू द्या.

रोज दोन-तीन तास चालणार असेल, बोअर असेल किंवा घराला जोडून दुकान-दवाखाना असेल तर पाच केव्हीएच्या पुढे डिझेल. त्याच १३०० वॅटला डिझेल ताशी पाऊण लिटरच्या आसपास. नवा डिझेल सेट घेताना तो सीपीसीबी ४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) मानकाचा आहे का ते पट्टीवर पाहा, १ जुलै २०२३ पासून नव्या सेटना हे मानक लागू आहे. आवाजाची मर्यादा बंद कॅनॉपीसह (सेटवरची आवाज अडवणारी पेटी) एक मीटर अंतरावर ७५ डेसिबल. जुना उघडा सेट स्वस्तात मिळतो म्हणून घराशेजारी आणून ठेवू नका.

तिसरा प्रकार इन्व्हर्टर जनरेटरचा. महाग, पण त्याची वीज स्वच्छ असते आणि लोड कमी झाला की इंजिनचा वेगही उतरतो. लॅपटॉप, टीव्ही, वैद्यकीय यंत्र हा मुख्य लोड असेल तर पैसे वसूल. मोटर उचलण्यात मात्र तो साध्या सेटपेक्षा हळवा; क्षणभर जास्त मागितलं की सरळ ट्रिप होतो.

साधा सेट घेताना एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) आणि तांब्याचं वाइंडिंग या दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या.

जोडणी: इथे काटकसर नको

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये घालण्याची पद्धत अजून दिसते. मेन स्विच पाडायला एकदा विसरलात की ती वीज उलट्या दिशेने डीपीपर्यंत जाते आणि तोच ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करून तारेवर चढवतो. खांबावर त्या वेळी लाईनमन असतो, लाईट गेलेली असते म्हणूनच असतो. आणि काम चालू असताना लाईट आली तर तुमच्या जनरेटरचं आर्मेचर जळतं.

यावर इलाज एकच, चेंजओव्हर. सिंगल फेज घराला दोन पोलचा, ३२ किंवा ४० अँपिअरचा, एक-शून्य-दोन असा फिरणारा खटका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, नुसता फेज नाही. तो मीटरनंतरच्या मेन स्विचच्या पुढे आणि घरच्या डीबीच्या (सगळे सर्किट जिथून फुटतात त्या पेटीच्या) आधी बसतो. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

जनरेटरवर पूर्ण घर घेण्यापेक्षा डीबीचे दोन भाग करणं बरं. एका डीबीत जनरेटरवर चालणारे सर्किट, दुसऱ्यात गिझर, इंडक्शन, इस्त्रीचे पॉइंट. चेंजओव्हर फक्त पहिल्याला. मग पाहुण्यांपैकी कुणी गिझर लावला तरी सेट बसत नाही.

केबल: तीन केव्हीएला सुमारे १३ अँपिअर, त्याला २.५ चौरस मिलिमीटर तांबं चालतं. पाच केव्हीएला सुमारे २२ अँपिअर, त्याला ४ चौरस मिलिमीटर. वीस मीटर अंतरावर ४ च्या केबलमध्ये पाच व्होल्टच्या आसपास घट येते, २.५ च्या केबलमध्ये आठच्या. मोटर सुरू होताना हीच घट कित्येक पट होते. जनरेटरच्या बाजूला दोन पोलचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका): तीन केव्हीएला १० किंवा १३, पाचला २० अँपिअर.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त. जनरेटरची बॉडी आणि घराचं अर्थिंग जोडलेलं हवं. २.५ मीटर लांबीचा, चाळीस मिलिमीटरचा जीआय पाइप ही नेहमीची पद्धत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, पाइपभोवती पोकळी होते आणि अर्थिंग नुसतं नावाला उरतं. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी तिथे ओता. घरात आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा खटका) असेल तर जनरेटरचा न्यूट्रल सेटच्या बाजूला एकाच ठिकाणी अर्थला बांधलेला आहे का ते मॅन्युअल पाहून वायरमनकडून तपासून घ्या. पोर्टेबल सेटमध्ये बहुधा तो बांधलेला नसतो आणि मग झटका लागला तरी आरसीसीबी पडत नाही.

थ्री फेज मीटरच्या घरात सिंगल फेज जनरेटर जोडताना काही वायरमन चार पोलच्या चेंजओव्हरवर जनरेटरच्या बाजूचे तिन्ही फेज एकत्र लूप करतात. पूर्ण घर पेटतं, मालक खूश. पण घरात एखादी थ्री फेज मोटर असेल तर तिला तिन्ही तारांवर एकच फेज मिळतो. तिचा एमसीबी आधी पाडायलाच हवा. त्यापेक्षा गरजेचे सर्किट एका फेजवर आणून तेवढेच घेणं सुरक्षित.

गच्चीवर सोलर असेल तर ते जनरेटरच्या बाजूला येता कामा नये. ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं. पण चेंजओव्हरच्या घराकडच्या बाजूला जोडलेलं असेल तर जनरेटरलाच लाईन समजून ते सुरू होतं आणि जास्तीची वीज उलटी जनरेटरमध्ये ढकलायला बघतं. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या आधी, महावितरणच्या बाजूला.

जागा

धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. जिन्याखाली, शटर अर्धं उघडं ठेवून दुकानात, डक्टमध्ये, फ्लॅटच्या बाल्कनीत जनरेटर चालवायचा नाही, पाऊस असला तरी नाही. दार-खिडक्यांपासून वीस फूट, म्हणजे सहा मीटर अंतर हवं आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पेठांमधल्या चिंचोळ्या घरांत एवढी जागाच नसते. तिथे डिझेल सेटचा धूर पाइपने छताच्या वर न्यावा लागतो. छोट्या सेटना छतापासून वर किती उंच, त्याचं सूत्र आहे ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, मीटरमध्ये. पाच केव्हीएला साधारण अर्धा मीटर. पेट्रोल सेटला परस्पर पाइप जोडू नका, इंजिन गुदमरतं. तेवढी जागा नसेल तर जनरेटरचा नाद सोडून बॅटऱ्या वाढवाव्यात, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या, चहूकडे निदान एक मीटर अंतर. चार इंच उंच काँक्रीटचा ओटा. सकाळी सावली असलेली जागा दुपारी तीनला उन्हात जाते का, ते आधी बघा. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. उघडा पेट्रोल सेट रात्री त्यात बसत नाही. त्यामुळे पाणी चढवणं, बॅटरी भरणं ही कामं दहाच्या आत.

खरेदीच्या दिवशी

बिल देण्याआधी सेट लोडवर चालवून घ्या. रिकामा चालणारा जनरेटर कुठलाही चांगलाच वाटतो. हजार-हजार वॅटच्या दोन इस्त्र्या आणि मल्टीमीटर एवढं पुरे. रिकामा असताना २३५-२४० व्होल्ट आणि ५१-५२ हर्ट्झ. दोन्ही इस्त्र्या लावल्यावर २२० च्या खाली नाही आणि ४९ च्या खाली नाही. अर्धा तास चालवा, मग इस्त्र्या एकदम काढा. इंजिन क्षणभर उसळून लगेच स्थिर झालं पाहिजे. वर-खाली गुरगुरत राहिलं तर गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) किंवा कार्बोरेटर नीट बसवलेला नाही. वॉरंटी वर्षांत आहे तशी तासांतही असते, दोन्ही लिहून घ्या. आणि विचारा, सर्व्हिसचा माणूस सोलापुरातला की पुण्याहून येणार?

चालवताना आणि ठेवताना

सुरू करून दोन मिनिटं रिकामा चालू द्या. मग चेंजओव्हर फिरवा, आधी सगळ्यात मोठी मोटर, ती स्थिरावल्यावर फ्रिज, मग बाकीचं. फ्रिज आणि एसी बंद पडल्यापासून तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करायचे नाहीत, आतला दाब उतरलेला नसतो. बंद करताना आधी लोड काढा, दोन मिनिटं थंड होऊ द्या, मग इंजिन बंद. गरम सेटमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. टाकी तोंडापर्यंत भरायची नाही, उन्हात पेट्रोल फुगतं.

पेट्रोल घरात ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, २५ लिटरपेक्षा मोठ्या डब्यात नाही. पण जास्त साठवण्यात अर्थच नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही त्यात असेल, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. महिना-दीड महिना पडून राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा धरतो. जनरेटर महिनाभर लागणार नाही असं दिसलं की इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा.

ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. दरवेळी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. धूळ इथे जास्त, त्यामुळे एअर फिल्टर ५० तासांऐवजी तीसलाच धुवा. महिन्यातून एकदा अर्ध्या लोडवर वीस मिनिटं सेट चालवा. रिकामा चालवून उपयोग नाही.

नेहमी येणाऱ्या तक्रारी

इंजिन चालू आहे पण करंट नाही: बराच काळ पडून राहिल्याने रोटरमधलं उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं, नाहीतर ब्रश झिजलेले असतात. मेकॅनिक बॅटरीने क्षणभर फ्लॅश करून देतो. स्वतः करायला जाऊ नका, उलट बाजूला जोडलं तर एव्हीआर जातो.

इन्व्हर्टर जनरेटरवर चार्ज घेत नाही: इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर असतं. त्या मोडमध्ये त्याला साधारण १८० ते २६० व्होल्ट आणि स्थिर हर्ट्झ लागतं. 'नॉर्मल' किंवा 'वाइड' मोडवर टाका, बहुतेकदा लगेच चार्जिंग सुरू होतं. तरीही नाही घेतलं तर हर्ट्झ मोजा, ५२ च्या वर असेल तर गव्हर्नर उतरवून घ्या.

दिवे फडफडतात, पंख्याचा वेग हेलकावतो: मेन जेट चोंदलाय किंवा एअर फिल्टर भरलाय.

मोटर गुणगुणते पण उचलत नाही: दोन सेकंदांत बटण सोडा. बाकी सगळा लोड काढून एकदाच पुन्हा प्रयत्न करा. तरी उचलली नाही तर पॅनलचा स्टार्टिंग कॅपॅसिटर, मग केबलची जाडी, आणि ती दोन्ही ठीक निघाली तरच सेट कमी पडतोय असं म्हणा.

दहा मिनिटं चालून आपोआप बंद होतो, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो: ऑइल कमी आहे, किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. झाकण थोडं सैल करून पाहा; त्याने चालू राहिला तर झाकण धुवून घ्या, बाकी काही करायची गरज नाही.